एचटी-२: अष्टमांश आकाराचं बाल्सा विमान, विजेवर उडणारं

पंखवेडा | ९ जून

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी बाल्सा या हलक्या लाकडाची छोटी उडती विमानं बांधतोय, पण ती सगळी परक्या देशांतल्या विमानांची रूपं होती. पायपर कब झालं, स्पिटफायर झालं, टायगर मॉथ दोनदा झालं. दोन वर्षांपूर्वी बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) संग्रहालयात गेलो आणि एचटी-२ समोर बराच वेळ उभा राहिलो. स्वतंत्र भारतात आखलेलं आणि बांधलेलं हे प्रशिक्षण विमान. ५ ऑगस्ट १९५१ रोजी कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवलं. आखणी डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली झाली. आपला माणूस, आपलं विमान, आणि त्याची उडणारी प्रतिकृती मी तरी कुठल्या मैदानावर पाहिलेली नाही. ती बांधायची असं तिथेच ठरलं.

मूळ विमानाच्या पंखांचा पसारा १०.७२ मीटर, लांबी ७.५३ मीटर. मी एकास आठ हे प्रमाण घेतलंय, म्हणजे पसारा १.३४ मीटर आणि लांबी ९४ सेंटिमीटर. पंख एकसंध ठेवूनही गाडीत तिरका बसतो. याहून लहान केलं तर वजनाचं गणित जमत नाही, मोठं केलं तर बॅटरीचा खर्च दुप्पट होतो.

विजेच्या मोटारीसाठी हे विमान फार सोयीचं आहे, आणि त्याचं कारण त्याच्या नाकात आहे. मूळ सिरस मेजर इंजिनाचे चार सिलिंडर एका ओळीत, उलटे टांगलेले. त्यामुळे नाक अरुंद आणि खाली खोल, पंखा वरच्या अंगाला. आपली मोटार तिथे सहज लपते आणि तिच्या खाली बॅटरीला आयती जागा मिळते. पुढून आत येणाऱ्या हवेची वाटही मुळातच आहे. फक्त हवा बाहेर पडायची फट आत येणाऱ्या फटीच्या निदान दुप्पट हवी, नाहीतर मोटार आणि ईएससी (मोटारीचा वेग ठरवणारा विजेचा भाग) दोन्ही तापतात.

आराखडा विकतचा नाही. तीन बाजूंचं रेखाचित्र मोठं करून घेतलं आणि रिब (पंखाच्या फासळ्या), फॉर्मर (धडाच्या आतल्या चौकटी) स्वतः काढले. छापताना एक अनुभव आला तो सांगतो. प्लॉटरवरून आलेला कागद लांबीत एक टक्का जास्त होता. अख्ख्या पंखात तो फरक तेरा मिलिमीटरचा झाला असता. आता आराखड्यावर आधीच बरोबर एक मीटरची रेघ काढून ठेवतो आणि दुकानातच पोलादी पट्टीने मोजतो.

या धाग्यात बांधणी जशी होईल तशी लिहीन. सूचना हव्याच आहेत.

मीरा_ठाणे | ९ जून

वा! मी आणि माझी लेक (आठवीत आहे) एक साधं ग्लायडर संपवून आता मोटारीच्या विमानाकडे वळतोय. लाकूड निवडण्याबद्दल सविस्तर लिहाल का? आम्ही मागवलेल्या बाल्साचे काही तक्ते पिसासारखे होते आणि काही चक्क जड. किंमत एकच.

पंखवेडा | १० जून

मीराताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. माझ्या मते विमान कसं उडणार यातला अर्धा भाग डिंकाची बाटली उघडण्याआधीच ठरलेला असतो.

बाल्सा हे झाड मूळचं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडे येणारा बराचसा माल इक्वाडोरचा. झाड झपाट्याने वाढतं, त्यामुळे एकाच खोडात मऊ आणि टणक दोन्ही लाकूड सापडतं. म्हणून मी तक्ता हातात घेतला की आधी काट्यावर ठेवतो. दीड मिलिमीटर जाडीचा, १०० मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब तक्ता घ्या. त्याचं आकारमान १५० घन सेंटिमीटर होतं. वजन १५ ग्रॅम भरलं तर हलकं लाकूड, २४ भरलं तर मध्यम, ३० च्या पुढे गेलं तर जड. मी प्रत्येक तक्त्यावर पेन्सिलीने ग्रॅम लिहून ठेवतो. शेपटी फक्त १५-१६ ग्रॅमच्या तक्त्यातून कापायची. पंखाचे स्पार, म्हणजे लांबीभर जाणारे कणे, मात्र टणक लाकडाचेच हवेत.

दुसरी गोष्ट रेषांची. तक्ता उजेडात तिरका धरा. काहींवर ठिपक्याठिपक्यांची चमक दिसते. तो तक्ता आडवा वाकत नाही, वाकवायला गेलात तर तडकतो, म्हणून तो रिबसाठी. ज्यावर लांब सरळ रेषा दिसतात तो नळीसारखा गोल वळतो. तो पंखाच्या पुढच्या काठावर मढवायला आणि फ्यूजलाजच्या, म्हणजे धडाच्या, पाठीला. हे दोन उलटे वापरले की पंखाच्या रिब लिबलिबतात आणि मढवण फुटतं.

लेकीला तक्ते वजन करून वेगळे लावायला सांगा. हात लवकर तयार होतो.

श्टुटगार्टकर | १० जून

छान विषय. मी इथे जर्मनीत क्लबमध्ये उडवतो. एक धोक्याची सूचना: मूळ विमानाची आडवी शेपटी प्रमाणात छोटी केलीत तर प्रतिकृती नाचरी होईल. हवा लहान होत नाही, पंखच लहान होतात, आणि छोट्या पृष्ठभागावर हवा तितकं काम करत नाही. इथे बरेच जण शेपटीचं क्षेत्रफळ दहा ते पंधरा टक्के वाढवतात आणि जमिनीवरून कुणाला कळतही नाही. तुम्हीही वाढवा.

गडहिंग्लजकर | ११ जून

घाटगे साहेब आमच्याकडचे, हसूरचंपूचे. जर्मनीत गटिंगेनला हवेच्या प्रवाहाचे शास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, परत येऊन बंगळुरूला शिकवलं आणि मग विमानं आखली. पुढे पुष्पक आणि किरणही त्यांच्याच काळातली. आमच्या भागातल्या पोरांना हे नाव माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. विमान पूर्ण झालं की कृपा करून इकडे घेऊन या. शाळेच्या मैदानाची व्यवस्था मी बघतो.

पंखवेडा | १४ जून

गडहिंग्लजकर, नक्की. हा शब्द लक्षात ठेवतोय.

श्टुटगार्टकर, तुमचं म्हणणं पटतं, तरी शेपटीची बाह्यरेषा मी बदलणार नाही. ज्या माणसाने ती आखली त्याच्या हाताची रेघ मला तशीच हवी आहे. स्थिरता मी गुरुत्वमध्य थोडा पुढे ठेवून मिळवीन. पंखाची सरासरी कॉर्ड (पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंतची रुंदी) १८७ मिलिमीटर आहे. पहिल्या उड्डाणाला मध्य २५ टक्क्यांवर, म्हणजे त्या कॉर्डच्या पुढच्या काठापासून ४७ मिलिमीटरवर. नंतर हळूहळू मागे.

जुना_फिटर | १४ जून

हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, आता निवृत्त. बाह्यरेषा बदलू नका, या मताचा मीही आहे. मात्र पंखाच्या टोकांना वॉशआउट, म्हणजे हलका पीळ, द्या. पंख टोकाकडे निमुळता आहे. वेग कमी झाला की टोक आधी हवेची पकड सोडतं आणि विमान एका बाजूला कोसळतं. टोकाचा मागचा काठ दोन अंश वर ठेवलात तर मुळाकडचा भाग आधी सोडेल आणि एलरॉन (टोकाकडच्या हलत्या पट्ट्या) शेवटपर्यंत ऐकतील.

पंखवेडा | २ जुलै

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन अंश दिले. टोकाकडच्या रिबच्या मागच्या काठाखाली चार मिलिमीटरची पट्टी ठेवून पंख पाटावर बांधला. पाट म्हणजे जुन्या फ्लश दाराचं फळकूट आणि वर सॉफ्टबोर्ड, टाचण्या रुतण्यासाठी. आराखड्यावर पातळ प्लॅस्टिक, म्हणजे डिंक चिकटत नाही.

रिब अशा केल्या. मुळाची एक आणि टोकाची एक, अशा दोन रिब प्लायवूडच्या अचूक कापल्या. प्रोफाइल, म्हणजे रिबचा छेद, क्लार्क-वाय नावाचा. मधल्या सगळ्या रिबचे ओबडधोबड तुकडे त्या दोघींच्या मध्ये बोल्टने आवळले आणि रंधा, मग पॉलिश पेपर मारून दोन्ही प्लाय लागेपर्यंत खाली आणले. एका बैठकीत अर्धा पंख. दुसऱ्या अर्ध्यासाठी पुन्हा तेच, उलट्या हाताने.

स्पार वर एक, खाली एक, सहा बाय तीन मिलिमीटर. त्यांच्या मध्ये रिबरिबच्या फटीत दीड मिलिमीटर बाल्साच्या चकत्या, रेषा उभ्या. इथे बरेच जण रेषा आडव्या ठेवतात कारण तक्ता कापायला सोपा जातो. तसं करू नका. पंख वाकताना वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि दोघांना एकमेकांपासून ठरल्या अंतरावर धरून ठेवणं हे चकतीचं काम आहे. आडव्या रेषांची चकती मधोमध चिरते. मी दोन्ही प्रकारचे एक एक फुटाचे तुकडे करून बघितले, त्यावर विटा ठेवून. उभ्या रेषांच्या तुकड्याने दुपटीहून जास्त भार घेतला.

मीरा_ठाणे | ३ जुलै

रिबसाठी आम्ही लेझर कटिंगवाल्याकडे जायचं म्हणतोय. योग्य आहे का?

रंधा | ३ जुलै

ताई, बेशक जा. मी फाइल करून देतो तेव्हा एक काळजी घेतो. लेझर स्वतःच्या जाडीइतकं लाकूड जाळतो, साधारण दशांश मिलिमीटर किंवा थोडं जास्त. स्पारची खाच फाइलमध्ये अगदी सहाची काढली तर ती सैल येते. आधी एका टाकाऊ तुकड्यावर खाचा कापून बघा, मग पूर्ण संच. आणि कडा काळ्या पडतात त्या हलक्या पॉलिश पेपरने पुसून घ्या. जळक्या कडेला पांढरा डिंक नीट धरत नाही.

पंखवेडा | २६ जुलै

तीन आठवडे काम बंद होतं. पावसाने. लाकूड ओल ओढतं आणि ओलं लाकूड जसं चिकटवाल तसं कोरडं होताना पीळ खातं. उजवी एलरॉन टेबलावर तशीच राहिली आणि सकाळी केळीच्या पानासारखी वळलेली सापडली. ती टाकली, नवी केली. आता सगळे भाग कपाटात, आत ६० वॅटचा साधा बल्ब पेटता, लाकडापासून हातभर दूर.

आता डिंकाबद्दल. जिथे घासायचं आहे तिथे पांढरा डिंक, कारण फेव्हिक्विकची रेघ लाकडाहून कडक होते आणि पॉलिश पेपर तिच्या दोन्ही बाजूंना खड्डे करतो. फेव्हिक्विक फक्त आतल्या सांध्यांना. मोटारीची फळी आणि चाकांच्या तारांचे ठोकळे अराल्डाइटने, तेही रात्रभर वाळणाऱ्या. पाच मिनिटांत आवळणाऱ्या डिंकावर चाकांचा धक्का मी सोडत नाही.

फ्यूजलाजची पाठ मढवताना तक्त्याची बाहेरची बाजू कोमट पाण्याने पुसायची, दहा मिनिटं थांबायचं, मग फॉर्मरवर वळवून रबरबँडने बांधून वाळू द्यायचं. वाळल्यावरच डिंक. ओल्यातच चिकटवलं तर सुकताना फॉर्मरमधल्या जागा आत ओढल्या जातात आणि भुकेल्या जनावराच्या बरगड्या दिसाव्यात तसं दिसतं.

श्टुटगार्टकर | २७ जुलै

शेपटीचं वजन किती भरलं?

पंखवेडा | २७ जुलै

आडवी, उभी, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी), रडर (डावी-उजवीकडे वळवणारी), सगळं मिळून ३१ ग्रॅम, मढवण्याआधी. यातला एक ग्रॅमसुद्धा मी झगडून कमी केलाय. गुरुत्वमध्यापासून शेपूट साधारण ६० सेंटिमीटर मागे आहे आणि बॅटरी जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर पुढे जाऊ शकते. म्हणजे मागे १० ग्रॅम वाढले की पुढे ४० लागतात. मूळ विमानात इंजिनाचं लोखंड नाकात होतं, आपल्या मोटारीचं वजन जेमतेम १०५ ग्रॅम. विजेवरच्या प्रतिकृतींच्या नाकात शेवटी शिसं भरावं लागतं ते याचमुळे. या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी, म्हणजे दोन्ही सर्वोही, मी कॉकपिटखाली ठेवलेत. शेपटीपर्यंत बाल्साच्या दांड्या, टोकांना तार.

मीरा_ठाणे | १८ ऑगस्ट

काचेचं कसं करताय? एचटी-२ ची काच दोन्ही आसनांवर लांबच लांब आहे ना?

पंखवेडा | १९ ऑगस्ट

हो, आणि त्या काचेवरच विमान ओळखू येतं. आधी सागवानी ठोकळा काचेच्या आकारात तासून गुळगुळीत केला. मग शीतपेयाची दोन लिटरची बाटली तळ कापून त्यावर चढवली आणि हॉट एअर गनने फिरवत फिरवत तापवली. प्लॅस्टिक आकसतं आणि ठोकळ्याला घट्ट बसतं. एका बाटलीत पूर्ण लांबी मावत नाही, म्हणून पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे. जोड चौकटीच्या पट्टीखाली झाकला. पहिल्या तीन बाटल्या वाया गेल्या, गन फार जवळ धरल्यामुळे प्लॅस्टिक पांढरं पडलं. वीतभर अंतर ठेवा आणि घाई करू नका.

जुना_फिटर | १९ ऑगस्ट

आत दोन वैमानिक बसवा. शिकवणारा आणि शिकणारा. रिकामं प्रशिक्षण विमान बघवत नाही.

पंखवेडा | ७ ऑक्टोबर

काका, बसवले. थर्माकोलची डोकी, दोघांचे मिळून ६ ग्रॅम.

मढवण पूर्ण. चंदेरी फिल्म आणि प्रशिक्षण विमानाचे पिवळे पट्टे. इस्त्रीने आधी फक्त कडा चिकटवायच्या, मग मधला भाग आकसायचा. वर आणि खाली आळीपाळीने, नाहीतर एका बाजूचा ताण पंखाला पीळ देतो. मी वॉशआउट पुन्हा मोजलं, दोन्ही टोकांना सारखं आहे.

सगळं भरून, बॅटरीसकट वजन १०८५ ग्रॅम. पंखाचं क्षेत्रफळ जवळपास पाव चौरस मीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ४३ ग्रॅम. हिशेबाने साधारण ताशी २९ किलोमीटर वेगाच्या खाली पंख हवेची पकड सोडून देईल. उतरवायला हा वेग माणसाच्या आवाक्यातला आहे.

मोटार १००० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे), तीन सेलची २२०० एमएएच लायपो बॅटरी, ४० अँपिअरचा ईएससी, प्रॉप (नाकावरचा पंखा) १० बाय ५ इंच. वॉटमीटरवर पूर्ण थ्रॉटलला २० अँपिअर, म्हणजे सव्वादोनशे वॉटच्या आसपास. अशा विमानाला किलोमागे दोनशे वॉट पुरतात. मोटार दोन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे वळवलीय. आणि मीराताई, लेकीला आजच सांगून ठेवा: टेबलावर सर्वो आणि ईएससी जुळवताना प्रॉप काढलेलाच हवा. बॅटरी जोडलेली असेपर्यंत ती मोटार झोपलेली आहे असं समजायचं नाही.

रंधा | ८ ऑक्टोबर

उडवणार कुठे? परवानगीचं काय?

पंखवेडा | ८ ऑक्टोबर

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमच्या वर आणि दोन किलोपर्यंतचं विमान सूक्ष्म वर्गात येतं. व्यावसायिक नसलेल्या उड्डाणाला त्या वर्गात रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पण जागा बघावीच लागते. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवा भाग असेल तिथे १२० मीटर उंचीपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत. विमान नजरेआड करायचं नाही. आमचं माळरान हिरव्यात आहे, तरी दर वेळी निघण्याआधी नकाशा उघडतो.

पंखवेडा | १ डिसेंबर

आज गेलो होतो. उडालं नाही.

जमिनीवर धावताना विमान नाकावर उलटलं, दोनदा. प्रॉप मोडला, स्पिनरला खोक पडली. शेपटीला चाक असलेल्या विमानात पुढची चाकं गुरुत्वमध्याच्या पुरेशी पुढे हवीत. माझ्या तारा वाकवताना चाकांची आस पंखाच्या पुढच्या काठाहून बरीच मागे राहिली होती. गवताने चाक अडवलं की शेपूट उचलली जायची. तारा पुन्हा वाकवून आस १२ मिलिमीटर पुढे घेतोय. बाजूने बघताना आता ती पंखाच्या पुढच्या काठाच्या बरोबर खाली येते.

जुना_फिटर | १ डिसेंबर

हे जमिनीवर कळलं, चांगलं झालं. धावताना एलेव्हेटर पूर्ण वर धरा, वेग आला की मगच सैल सोडा. थ्रॉटल हळू. आणि रडरवर बोट ठेवूनच.

पंखवेडा | १५ डिसेंबर

उडालं!

सकाळी पावणेसातला पोचलो. वारा जवळजवळ नाही. ऊन चढलं की माळावर हवा उसळायला लागते, म्हणून नवाच्या आत आटपायचं ठरलं होतं. रेंज तपासली, सिग्नल तुटला तर थ्रॉटल शून्यावर जातो ना ते ट्रान्समीटर बंद करून पाहिलं, प्रत्येक पृष्ठभाग योग्य दिशेला हलतो का ते सोबतच्या मित्राला मोठ्याने म्हणायला लावलं.

थ्रॉटल हळूहळू. पंधरा-वीस पावलांवर शेपूट उचलली, डावीकडे ओढ जाणवली, उजवं रडर दिलं, आणि चाकांचा खडखडाट थांबला. चढ फार उतावळा नव्हता. एलेव्हेटरला दोन खाचा खाली ट्रिम (कायमची बारीक दुरुस्ती) द्यावा लागला, एलरॉनला काहीच नाही. उंचीवर नेऊन थ्रॉटल कमी करून वेग उतरवला. काका, नाक सरळ खाली झुकलं, पंख पडला नाही. तुमचे दोन अंश मी हातांत अनुभवले.

मग त्याला जवळून, कमरेइतक्या उंचीवरून नाही पण झाडाच्या शेंड्याच्या उंचीवरून समोरून नेलं. ऊन चंदेरी पंखावर पडलं, पिवळे पट्टे दिसले, लांब काच चमकली. मित्र काहीच बोलला नाही. मीही नाही. साडेसहा मिनिटांनी उतरवलं. एक उसळी, मग धाव. सेलमध्ये ३.८ व्होल्ट शिल्लक होते.

दुसऱ्या उड्डाणात बॅटरी ८ मिलिमीटर मागे सरकवली, मध्य २६ टक्क्यांच्या जवळ आला. एलेव्हेटर जास्त गोड लागला. श्टुटगार्टकर, छोट्या शेपटीचा त्रास आजच्या शांत हवेत जाणवला नाही. वाऱ्यात उडवून पुन्हा प्रामाणिकपणे कळवीन.

श्टुटगार्टकर | १५ डिसेंबर

मनापासून अभिनंदन. शेपटीबद्दल माझा अंदाज चुकला तर मला आनंदच आहे. गटिंगेन इथून गाडीने काही तासांवर आहे. उन्हाळ्यात जाऊन येईन म्हणतो, प्रांट्ल जिथे काम करायचे ती जागा बघायला.

मीरा_ठाणे | १६ डिसेंबर

लेकीने तुमची शेवटची नोंद तीनदा वाचली. आमच्या रिब कापून आल्या आहेत, तिने प्रत्येकीवर ग्रॅम लिहिलेत. तुमच्या एचटी-२ च्या रिबचे साचे मिळतील का? पुढचं विमान तिला हेच करायचंय.

पंखवेडा | १६ डिसेंबर

देतो की. पूर्ण आराखडा स्वच्छ करून इथेच टाकतो, चाकांच्या आसाची जागा दुरुस्त करून. आठवडाभर द्या.

गडहिंग्लजकर | १७ डिसेंबर

शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोललो. त्यांनी होकार दिला. जानेवारीतला कुठलाही रविवार सांगा.

पंखवेडा | १७ डिसेंबर

दुसरा रविवार ठेवू. मला तीन गोष्टी कळवा: मैदान लांबीला किती पावलं आहे, गवत आहे की मुरूम, आणि कुठल्या बाजूला विजेच्या तारा आहेत. तुमच्या भागाचा नकाशा मी इथून बघतो. मुलांना साडेसातला बोलवा आणि सगळ्यांना एकाच बाजूला, सूर्याकडे पाठ करून बसवा. चार बॅटऱ्या आणतो. काच निघते, त्यामुळे आतला शिकणारा आणि शिकवणारा मुलांना जवळून बघता येतील.